घरातली अडचण

आमच्याकडे पाळीला पाळी म्हणत नसत, अडचण म्हणत. माझी अडचण दर महिन्याला मला अंथरुणावर मुटकुळं करून पाडायची. आई म्हणाली, लग्न झालं की दुखायचं थांबेल. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मी रत्नागिरीहून काशीमिऱ्याला आले, तर सासूबाई म्हणाल्या, एक मूल झालं की थांबेल. मूल काही होईना. म्हणजे औषध ठाऊक होतं, फक्त मिळत नव्हतं.

नवरा नाक्यावर गॅरेजात कामाला होता. तो मला हायवेजवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर हिंदी बोलणारे. त्यांच्यापुढे पाळीचं नाव काढायची लाज, म्हणून मी म्हटलं, "डॉक्टरसाब, अडचण में बहुत दुखता है."

"कैसी अडचन? घर में?"

"हां, घर में ही." अडचणीत बाई दुसरीकडे कुठे असणार?

डॉक्टरांनी मला टॉनिक लिहून दिलं, मग नवऱ्याला आत बोलावलं आणि बायकोवर हात उचलू नये हे बराच वेळ समजावलं. माझा नवरा ढेकूणसुद्धा नाइलाजाने मारायचा. घरी येईपर्यंत तो स्वतःच्याच हातांकडे बघत होता. मला मात्र दुखत असूनही हसू आवरेना.

काही वर्षांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी माझं शिक्षण विचारलं. सातवी म्हटल्यावर त्या विचारात पडल्या. त्यांना ज्या आजाराचा संशय होता, तो शिकलेल्या, उशिरा लग्न करणाऱ्या बायकांना होतो, असं त्यांच्या पुस्तकात होतं. माझ्या पोटाने ते पुस्तक वाचलं नव्हतं. तरी त्यांनी बेंबीतून दुर्बीण घालून पाहिलंच. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेरही वाढलं होतं. दुखणं त्यानेच, मूल न होणंही बहुधा त्यानेच. मी रडले, पण मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी सोंग करत नव्हते.

घरी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. आजाराचं नाव मला धड म्हणता येईना, त्यांना ऐकता येईना. मूल झालं तरी हे थांबतंच असं नाही, असंही डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. म्हणून विचारलं, "आई, ह्यांचा जन्म झाल्यावर तुमचं दुखायचं थांबलं?"

त्या खडे वेचत राहिल्या.

"नाय."

"मग मला का तसं सांगत होतात?"

"माझ्या सासूनं मला सांगितलेलं," त्या म्हणाल्या. "मी आपली वाट बघत रायले. मग अडचणच गेली."