एका पोत्यातला गहू, दोन गावांतला तांबेरा

जानेफळच्या इमामभाईंवर अन्याय झाला तो पौषातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी, चावडीवर, पाटलांसमोर. तांबेरा न पडणारा सरकारी गहू तांबेऱ्याने लाल झाला, तेव्हा शेतकी खात्याच्या साहेबांनी जाहीर केलं की ह्या माणसाने त्यात घरचं बी मिसळलं. बियाणेदारांच्या यादीतून त्यांचं नाव कापलं. अर्धं गाव ज्याच्या घरचं बी पेरत आलं त्याला भेसळखोर ठरवायला साहेबांना चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

माघात मी बुलढाण्याहून निघालो तेव्हा मी छापणार होतो त्या पत्रकाचा मथळा तयारच होता: सरकारी बी सडकं!

पहिला टप्पा पायी, देऊळघाट. इमामभाईंचे मेहुणे रहमानभाई तिथे शेती करतात. दोघांनी सरकारी गव्हाचं एकच पोतं निम्मं-निम्मं वाटून घेतलं होतं. रहमानभाईंच्या वावरात (शेतात) जुन्या बन्सी गव्हाची पानं तांबूस पुटकुळ्यांनी भरलेली; हात लावला की बोटं गेरूत बुडवल्यासारखी. आणि त्याला खेटूनच सरकारी गव्हाचा पट्टा, हिरवागार. म्हणजे बी चांगलं होतं. माझा मथळा तिथेच बांधावर गळून पडला. त्याहून वाईट म्हणजे साहेब खरे ठरत होते. रहमानभाईंनी वांग्याची भाजी आणि रोडगे (गोवरीवर भाजलेले कणकेचे गोळे) वाढले. मी चार खाल्ले.

मेहकरपर्यंत मोटार. ती दोनदा बंद पडली, दोनदा आम्ही ढकलली. पुढे दमणी (हलकी बैलगाडी). गाडीवानाने माझ्या धोतराकडे पाहिलं. ‘काऊन हो भाऊ, होळीले टाइम हाये न अजून?’ रहमानभाईंच्या बन्सीवरचा तांबेरा माझ्या धोतरावर उतरला होता.

जानेफळला इमामभाईंनी आधी शिवार दाखवलं. त्यांचं वावर, शेजाऱ्याचं, त्याच्या शेजाऱ्याचं, सगळीकडे एकच गहू आणि सगळीकडे गेरवा (तांबेरा). पूर्वी इथेही दोन-तीन जातींचे पट्टे पेरत. ते साहेबांनीच बंद करवलं, जुनं बी घराघरांतून काढायला लावलं. मी तोंडावर विचारलं, बी मिसळलं का? विचारणं बरं दिसलं नाही, पण विचारलं. ते उठून बैलांकडे गेले.

उत्तर त्यांच्या पत्नीने, हलीमाबींनी दिलं. चावडीवरच्या त्या सकाळनंतर त्या माहेरी देऊळघाटला गेल्या, भावाच्या पोत्यात उरलेलं बी आणि त्याच्या बन्सीवरची रोगट पानं घेऊन आल्या. परसात दोन मडक्यांत तेच बी पेरलं. वारा लागू नये म्हणून दोन्हींवर टोपलं आणि कापड. त्यांनी टोपली उचलली. एका मडक्यातली रोपं स्वच्छ, दुसऱ्यातली लाल.

‘बी एकच, माया भावाचं. याले त्याच्याकडचा गेरवा चोळला, काई झालं नाही. त्याले आमच्या वावरातला चोळला. पाहा आता.’

‘मग गेरवाच बदलला?’

‘हाव. नव्या गव्हाचं जेवन त्याले पचत नव्हतं. लाखात एखाद्याले पचलं असन. बाकीचे उपाशी मेले, त्याचीच लेकरं गावभर झाली. दुसरं खायले आमी ठेवलंच काय?’

तांबेरा ही बुरशी, तिची लाल भुकटी म्हणजे तिचं बी, एवढं मी वाचलं होतं. ती असा मार्ग काढते हे साहेबांच्या अहवालात नव्हतं, आणि माझ्या पत्रकातही नव्हतं. शिवाय घरात दुसरं बी उरलंच नव्हतं, तर इमामभाई मिसळणार काय?

परतताना देऊळघाटला निरोप द्यायचा होता. हलीमाबींनी दारात अडवलं: आमच्या वावरातला गेरवा लागलेलं हे धोतर घालून माझ्या भावाच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. ते धुऊन वाळेपर्यंत मी इमामभाईंच्या चौकड्याच्या लुंगीत बसलो. ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, ‘तुमचं धोतर धुतलं, बाप्पा. वाऱ्याले कोन धुवायले लावते?’

घरी येऊन दोन दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाही. माणसाला चोर ठरवलं की बुरशीकडे कोणी बघत नाही. पुढच्या पेरणीला खातं तेच एक बी साऱ्या तालुक्याला वाटेल.

खाली अर्ज छापला आहे: साहेबांनी जानेफळच्या त्याच चावडीवर येऊन आरोप मागे घ्यावा, हलीमाबींची मडकी पाहावीत, आणि पट्ट्यांची पेरणी पुन्हा सुरू करू द्यावी. वाचून हळहळू नका. अर्ज फाडून घ्या, सही करा, आजच टपालात टाका.