छाती काढून चालणं

कुंदाबाईंवर अन्याय झाला. गणेश चवथीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सोमवारी, पहिली घंटा व्हायच्या आधी, त्यांना ऑफिसात बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका. सात-आठ वर्षं दरवर्षी नव्या करारावर त्या आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होत्या. मीही त्यांच्याच हाताखालून गेलो.

कोरगावच्या पहिल्या बसनं यायच्या, पिशवीत सुतळी असायची. वर्गात छताला त्यांनी लाकडी चौकटीची माटोळी टांगली होती. गणपतीच्या डोक्यावर आपण रानातली फळं बांधतो तशीच, पण हिच्यावर पुठ्ठ्यावर लिहिलेले शब्द. एका महिन्यात एकाच घरातले शब्द. चालण्याचा महिना असेल तर वॉक, स्ट्रोल, लिम्प, वाँडर. मुलानं शब्द आणायचा आणि खाली गावातल्या माणसाचं नाव लिहायचं, जो तसं चालतो. नाव नसेल तर बाई पुठ्ठा परत करायच्या. "हो शब्द खंयच्या झाडाचो रे? डिक्शनरीतला अर्थ म्हणजे दुकानातला सोललेला नारळ. माका झाडावरचो होयो."

एकदा एका मुलानं 'ट्रज' आणला आणि खाली लिहिलं, माझी आई. काजूच्या बागेतून लाकडाचा भारा घेऊन, पाय ओढत ती चढण चढते तशी. वर्ग हसला. बाई ओरडल्या नाहीत. सगळ्यांना दप्तरं डोक्यावर घ्यायला लावून शाळेमागची चढण चढवली. वर पोचल्यावर म्हणाल्या, "आता हसा बघू." तो पुठ्ठा माटोळीच्या मधोमध बांधला.

चवथीच्या आधी संस्थेचे अध्यक्ष वर्ग बघायला आले. माझी चुलतबहीण मंजिरी सातवीत. तिच्या पुठ्ठ्यावर 'स्वॅगर' होतं आणि खाली अध्यक्षांचं नाव. आपण किती मोठे ते सगळ्यांना दिसावं म्हणून छाती काढून चालणं, असा त्याचा अर्थ. प्रार्थनेच्या रांगा मोडून ते मधून चालतात, हे पोरीनं रोज पाहिलेलं. अध्यक्षांना शब्द ठाऊक नव्हता. आपलं नाव पाहून खूश झाले, पुठ्ठ्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. दुपारी पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, ते आधी काढा."

तोपर्यंत बाजारात सगळ्यांचं हसून झालं होतं.

बाईंना निरोप आला की मंजिरीनं प्रार्थनेच्या वेळी माफी मागावी आणि बाईंनी या शब्दाचा अर्थ 'रुबाबात चालणं' असा फळ्यावर लिहावा. बाई म्हणाल्या, "अध्यक्ष पाहुणे म्हणून आले तेव्हा त्यांचंच नाव वर टांगलेलं राहिलं, त्याची माफी मी मागते. पोरीनं बरोबर लिहिलंय. अर्थ मी कसा बदलू? तो माझ्या मालकीचा नाही."

एवढ्यावर त्यांचा करार संपवला.

त्याच आठवड्यात पालकसभा झाली. हॉल भरलेला. बाईंचं नाव निघालं तेव्हा लोक पंख्याकडे बघत बसले. माझे काका, मंजिरीचे वडील, तेही. घरी येऊन म्हणाले, "आमकां खंय इंग्रजी कळता?"

मी पत्रक काढलं. त्यात अध्यक्षांना हुकूमशहा, जुलमी, मुजोर, उद्दाम, सगळं म्हटलं. बाईंना नेऊन दिलं तेव्हा त्या सामान बांधत होत्या. उभ्यानंच वाचलं. "एका माणसाक चार शब्द कित्याक? एकच निवडायचा, जो त्याच्या अंगाला बसेल. आणि हॉलात बसले होते त्यांच्यासाठी शब्दच नाही रे तुझ्या पत्रकात." मी म्हटलं, "बाई, ते घाबरले होते." त्या म्हणाल्या, "घाबरलेलो माणूस वेगळो, आपल्याक काय त्याचा म्हणून गप्प रवलेलो वेगळो. दोघांक एका पुठ्ठ्यार बांधू नको."

आता त्या वाळपईला बहिणीकडे असतात, कपड्यांच्या दुकानात बसतात. मी भेटायला गेलो तर गिऱ्हाईक सोडून दोन मिनिटं बोलल्या, शाळेचं काहीच विचारलं नाही. शाळेत त्यांच्या वर्गात व्हिडिओचा पडदा लावलाय. त्यावर कुणीतरी इंग्रजी बोलतं आणि मुलं मागून म्हणतात. मंजिरी आता वर्गात हात वर करत नाही.

पालकहो, तुम्ही त्या हॉलात होता. पुढच्या पालकसभेत उठा, अध्यक्षांकडे बघा आणि कुंदाबाईंना परत घ्या म्हणून सांगा. मराठीत सांगा, कोकणीत सांगा. पण उभं राहून सांगा.