मकेवाल्यांसाठी एका ओळीची जागा

चिकलठाण्यापासून पिशोरपर्यंतच्या सगळ्या मुलखात मेक्सिकोतल्या एका आडगावच्या फुटबॉल क्लबचा समर्थक एकच आहे आणि तो माझा साडू आहे. ‘एकमेव’, ‘सर्वांत’ असले शब्द बातमीदारानं जपून वापरावेत, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. ‘एकच’ हा शब्दही मी जपूनच वापरला आहे. दुसरा समर्थक असता तर साडूंनी त्याला शोधून काढून जेवायला घातलं असतं आणि त्या पंगतीला मलाही बसावं लागलं असतं.

साडू मूळचे पिशोरचे. ‘आमचा जन्म ॲक्शननंतरचा,’ असं ते अशा थाटात सांगतात, की निजामावरची पोलीस ॲक्शन त्यांच्याच आगमनाच्या तयारीसाठी झाली असावी. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते फिटर होते. तिथं एकदा परदेशी यंत्र आलं आणि ते बसवायला मेक्सिकोचा एक फिटर आला. हॉटेलच्या जेवणाला तो कंटाळला, तेव्हा साडू त्याला घरी घेऊन आले आणि आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाईंनी, त्याला मक्याची भाकर वाढली. तो माणूस भाकरीकडे बघतच राहिला. मग त्यानं ती हातात घेऊन हुंगली आणि चार खाल्ल्या. जाताना त्यानं हिरवी जर्सी दिली. तिच्या छातीवर मक्याचं कणीस होतं. ही आमच्या गावाची टीम, लोक तिला ‘मकेवाले’ म्हणतात, हिला सांभाळ, असं त्यानं अर्धं खुणांनी सांगितलं. दुसऱ्या कुणी ती जर्सी ट्रंकेत टाकली असती. साडूंनी ती जबाबदारी मानली. “मका पिशोरला होतो, मका तिथंबी होतो,” ते म्हणत. “मग टीम परकी कशी?”

त्या टीमसाठी ते स्पॅनिश शिकले. शिकले म्हणजे, ती भाषा आपल्याला येतच होती असं त्यांनी सिद्ध केलं. कामीसा म्हणजे कमीज, मेसा म्हणजे मेज, सापातो म्हणजे सपाता, पांतालोन म्हणजे पाटलोण. “शहागंजच्या बाजारातलीच भाषा हाय पत्रकार, फकस्त जरा घाईत बोलत्यात.” त्यांचा सगळ्यात आवडता शब्द ‘ओहाला’. निरोप घेताना तो फिटर हाच शब्द म्हणाला होता. साडूंनी त्यात अल्ला बरोबर ओळखला आणि वरच्याच्या मनात असलं तर, असा अर्थ लावला. पुढं मी शब्दकोशात पाहिलं. अर्थ जवळपास तोच निघाला. हे मी त्यांना सांगितलं नाही.

तिकडच्या शनिवारी संध्याकाळचा सामना इथं रविवारी सकाळी पडतो. सामना कुठं दिसत नसे तेव्हाही साडू त्या वेळेला जर्सी घालून खुर्चीत बसत. पुढं मोबाइल आला आणि स्पॅनिश धावतं वर्णन ऐकू यायला लागलं. गोल झाला की तिकडचा निवेदक एका श्वासात इतका लांब ओरडे, की तेवढ्यात साडूंची अर्धी दाढी होई. जर्सी वर्षांगणिक आखडत गेली. आक्का म्हणाल्या, “आता ते कणीस गळ्याला लागलंय. नवी घ्या की.” साडूंना जर्सीचा दोष मान्य नव्हता. त्यांनी पोट कमी करायचं ठरवलं आणि आठवडाभर केलंसुद्धा.

सामना संपला की मला फोन. “पत्रकार, मकेवाले दोन-एक. एक ओळ टाका.” मी क्रीडा पान बघत होतो. दुसऱ्या श्रेणीतल्या मेक्सिकन क्लबचा निकाल मराठवाड्यातल्या दैनिकात का छापावा, याला माझ्याकडे कारण नव्हतं. “पानावर जागा नाही,” मी सांगायचो. “बरं. पुढच्या रईवारी,” ते म्हणायचे. आवाजात राग नसे, माघारही नसे. हे इतकी वर्षं चाललं, की रविवारी फोन उशिरा आला तर मीच घड्याळ बघायला लागलो.

मग एका रविवारी ते स्वतःच दारात आले. मालकानं क्लब विकला होता. तिकडं क्लब विकला की नव्या मालकाला तो दुसऱ्या शहरात नेता येतो. खेळाडू, सामान, श्रेणीतली जागा सगळं उचलून. साडूंना ते कळायला वेळ लागला, पण कळलं तेव्हा त्यांनी चार ताव आणले आणि निवेदन लिहिलं. क्लब हलवू नये. भाषा मराठी, शेवटी एकच शब्द, ‘ओहाला’. आमच्या शहराचं नाव बदलण्याचा तो काळ, म्हणून पाठवणाऱ्याच्या पत्त्यात दोन्ही नावं घातली. टपालाची चूक नको.

सह्यांसाठी ते पाचोडच्या बाजारात गेले. मी सोबत होतो, बघायला. पहिल्याच कांदेवाल्यानं विचारलं, “काय हलवायलेत?”

“टीम.”

“कुठं? पुण्याला?”

“नाय हो. मेक्सिकोतली हाय. तिथल्या तिथंच, दुसऱ्या गावाला.”

“म्हंजे त्यांच्या पुण्याला,” कांदेवाला म्हणाला आणि त्यानं सही केली. शेजारची मिरचीवाली बाई पुढं झाली. “आपल्याकडचं समदं असंच नेत्यात. आणा, अंगठा चालंल का?” साडू प्रत्येकाला खरं काय ते सांगत होते. फसवून सही नको, हा त्यांचा हट्ट होता. पण खरं सांगितल्यावर लोक जास्तच चिडत. “तिथं तर त्यांचं कोण ऐकणार?” एक म्हातारबाबा म्हणाले. दुपारपर्यंत चारही ताव भरले.

शेवटी त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, “बातमीदार निवेदनाची बातमी देतो, सही करत नाही.”

“मग बातमी देता?”

“जागा बघतो.”

जागा मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी मागितली नाही.

निवेदन त्या जुन्या फिटरच्या पत्त्यावर रजिस्टरनं गेलं. क्लब मात्र हलला. मला वाटलं, संपलं आता. पुढच्या रविवारी फोन आला. “टीम गेली म्हणून आपण जायचं व्हय? आपण गावाच्या बाजूचे.” गावातल्या लोकांनी त्याच मैदानावर स्वतःची टीम काढली होती, अगदी तळाच्या श्रेणीत. तिचं वर्णन कुठंच ऐकू येत नाही. साडू पुन्हा नुसत्याच खुर्चीत बसायला लागले. निकाल तो फिटर कळवतो, त्याला जमेल तेव्हा.

मी निवृत्त झालो त्यानंतरच्या रविवारी साडूंकडे गेलो होतो. फिटरनं फोटो पाठवला होता: मैदानाच्या फाटकाशी काचेमागं आमचे चार ताव. पाचोडच्या सह्या, अंगठे, वर दोन नावांचं एक शहर. तिथं कुणालाच ते वाचता येत नसणार. मी फोटो मोठा करून पाहिला. सह्या दोन नंबरपासून सुरू होत्या. एक नंबरची ओळ कोरी होती.

“ही कुणाची राहिली?”

“तुमची,” साडू म्हणाले. “पहिलीच ठेवली व्हती. म्हनलं, पत्रकारांना जागा मिळत नाय, आपण तर देऊ.”

त्यांनी कपाटातून झेरॉक्स काढली आणि तिच्यावर पेन ठेवलं. आता बातमीदार असल्याचं कारणही माझ्याकडे उरलं नव्हतं. मी सही केली. क्लब केव्हाच गेला होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. साडूंनी त्या कागदाचा फोटो काढला, फिटरला पाठवला आणि जर्सी पोटावर ओढत शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. “बसा,” ते म्हणाले. “मॅच सुरू झाली असंल.”

समोर काहीच दिसत नव्हतं. मी बसलो.