गजूभाऊनं नेलेलं पत्र

गजूभाऊ स्वतःहून बाद व्हायचा. कबड्डीच्या मैदानावर असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पकडीच्या झटापटीत त्याचा पाय कडेच्या रेषेवर पडायचा. पंचाची शिट्टी नाही, समोरच्यांची ओरड नाही, आणि हा हात वर करून सरळ बाहेर. चढाईत दोघे बाद दिले तर पंचाकडं जाऊन सांगायचा, "एकच. दुसऱ्याले हात नाई लागला." आम्ही काठावरून कपाळ बडवायचो. "अबे गजूभाऊ, पंचानं पाह्यलं नाई ना!" तो घाम पुसत म्हणायचा, "मी पाह्यलं ना." अशानं आम्ही दोन अंतिम सामने हरलो. तरी दुसऱ्या दिवशी हॉटेलात चहा पिताना त्याच गोष्टी सांगताना आमची छाती फुगायची. आमच्या गावचा खेळाडू असा आहे म्हणून.

हिंगणीच्या रस्त्यावरचं आमचं गाव, सेलू तालुक्यातलं. कबड्डी मंडळाची पाटी होती, एक मैदान होतं आणि एक गजूभाऊ होता. चौथीपर्यंत शाळेत गेला म्हणायचे, पण अक्षरांशी त्याची ओळख टिकली नव्हती. अंगानं काटक. चढाईला जाताना त्याचा आवाज कधी चढायचा नाही. ओठातल्या ओठात, कुणाशी तरी खाजगी बोलावं तसं "कबड्डी कबड्डी" चालायचं आणि समोरच्यांना तो जवळ आल्याचं उशिरा कळायचं. बोलणंही तसंच, कमी. एक गोष्ट दोनदा सांगायची त्याला भारी अडचण. पुन्हा विचारलं की म्हणायचा, "एकदा सांगतलं ना."

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी आमच्या घरातला पहिला बी.कॉम., आणि गावातलाही. बाप मजुरीला जायचा, आई निंदणाला. निकाल लागला त्या दिवशी बापानं मला गावभर फिरवलं. तेव्हापासून गावानं माझं नावच बी.कॉम. ठेवलं. लाइटचं बिल, कोर्टाची नोटीस, इंग्रजीतली लग्नपत्रिका, गोळ्यांचं पाकीट, सगळं माझ्याकडं. मंडळाचे अध्यक्ष बाबारावजी, किराणा दुकानवाले, यांनी एकदा म्हशीच्या औषधाची बाटली आणली. "पाय बरं बी.कॉम., कितीदा पाजाची?" बी.कॉम.ला म्हशीचं औषध शिकवत नाहीत. लेबल पुसलेलं होतं. मी बाटली उजेडात धरली आणि म्हणालो, "दिवसातून दोनदा." म्हैस जगली, हे तिचं नशीब. पण "मला माहीत नाही" हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हते. ते बोललो असतो तर बापानं मला गावभर फिरवलं कशाला, असं वाटायचं.

गजूभाऊही कागद घेऊन यायचा. दोन्ही हातांनी धरून. मी घेईपर्यंत सोडायचा नाही. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, पण समोर उकिडवा बसायचा. "बाबू, सावकाश वाचजो. मले घाई नाई."

शतक संपायला दोन-तीन वर्षं राहिली असतील. एका वर्षी गावात काम नव्हतं, म्हणून तो आर्वीला बहिणीकडं गेला आणि तिथल्या बाजार समितीत हमाली करू लागला. दहा महिन्यांनी स्पर्धेच्या दिवसांत परतला. आमच्याकडं तेव्हा वजनगटाची कबड्डी. पंचावन्न किलोच्या गटात खेळायचं तर सकाळी चौकात सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहावं लागे. काटा बाबारावजींच्या दुकानातला, पोती तोलायचा. गजूभाऊनं सदरा काढला तेव्हाच लोक काट्याजवळ सरकले. काटा त्रेसष्टवर थांबला. बाबारावजींनी तो बोटानं हलवून पाहिला. पुन्हा त्रेसष्ट.

आमचा कोपऱ्यातला खेळाडू रम्या ओरडला, "काय गा गजूभाऊ, आर्वीले सुई टोचून घेऊन राह्यला होता का?"

सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, "पोती उचलली."

"पोती तं माह्या बापानंबी जिंदगीभर उचलली. त्याची छाती काऊन नाई झाली अशी?"

"बहीण दोन्ही टाइम पोटभर वाढे," तो म्हणाला. "तुह्या बापाले कोणी वाढलं का?"

तिथं ते मिटायला हवं होतं. त्या वर्षी तो खुल्या गटात खेळला आणि काय खेळला! तिघंतिघं कमरेला लटकलेले घेऊन मध्यरेषेपर्यंत यायचा. पण त्याच हंगामात नागपूरच्या एका स्पर्धेत कुणा खेळाडूच्या पिशवीत अंग फुगवायच्या औषधाच्या सुया सापडल्याची बातमी पेपरात आली. ती हॉटेलात मीच मोठ्यानं वाचून दाखवली. मग समोरच्या गावांचे लोक "सुई! सुई!" ओरडू लागले. आमची मंडळी आधी त्यांच्या अंगावर धावून गेली. नंतर नुसती बसून राहिली. त्यानंतर काय झालं ते लिहायला हात जड होतो. आम्ही त्याचेच. जिंकला की त्याला खांद्यावर घ्यायचो आणि खाली उतरवला की एकमेकांना डोळा मारायचो.

कोणीतरी मला विचारलंच. "बी.कॉम., तू शिकला. सुईबिगर दहा महिन्यांत अशी बॉडी होते का?"

मी चष्मा पुसला. "शास्त्राप्रमाणे शक्य नाही," म्हणालो.

कुठलं शास्त्र? मी जमाखर्च शिकलो होतो. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं. जो तो म्हणू लागला, बी.कॉम. म्हणते.

शेवटी बाबारावजींनी समाजमंदिरात बैठक बोलावली. सगळ्यांदेखत विचारलं, "गजू, खरं सांग बाप्पा. काही घेतं का?"

"नाई घेत."

"मंग चाल, महादेवाच्या देवळात बेल उचल. विषय खतम."

आमच्याकडं बेल उचलून सांगितलं की पुढं कोणी बोलत नाही. दोन भावांची बांधाची भांडणं त्यावर मिटतात. गजूभाऊ उठून उभा राहिला. मला वाटलं, देवळाकडं निघतो. तो चप्पल घालत म्हणाला, "एकदा सांगतलं ना," आणि घरी गेला.

ते त्याला भोवलं. "खरा असता तर बेल उचलाले काय जाते?" रम्या म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. जो माणूस रेषेवर पडलेला पाय सुद्धा स्वतः सांगायचा, त्याच्या शब्दाला बेलाची गरज कशाला, हे त्या समाजमंदिरात एकालाही सुचलं नाही. शिकलेल्याला तर नाहीच नाही.

महिनाभरात जिल्ह्याच्या संघाची निवड निघाली. गजूभाऊचं नाव यादीत होतं. जिल्ह्याकडून खेळला की खेळाडूंच्या जागेतून पोलिसात लागायची आशा, असं सगळे म्हणत. त्याचं वय जात होतं, ही एकच संधी होती. पण नागपूरच्या प्रकारानंतर निवड करणाऱ्यांनी प्रत्येक मंडळाकडून पत्र मागितलं होतं, की आमचा खेळाडू असलं काही घेत नाही, याची आम्हाला खात्री आहे. मंडळाची पत्रं मीच लिहायचो. बाबारावजींनी कोऱ्या कागदावर आधीच सही करून दिली. "तुले जे योग्य वाटते ते लिही," म्हणाले. त्यांनी हात झटकले आणि मला ते मोठेपण वाटलं.

मी अर्धा दिवस बसून लिहिलं. त्यात त्याच्या खेळाचं कौतुक होतं. आणि शेवटून दुसरं वाक्य असं होतं: "तथापि सदर खेळाडूच्या शरीरयष्टीत अल्पावधीत झालेला बदल संशयास्पद असल्याने मंडळ त्याबाबत जबाबदारी घेऊ शकत नाही." ते वाक्य मला फार आवडलं होतं. 'तथापि' आणि 'सदर' मी कॉलेजात कमावलेले शब्द.

गजूभाऊ पत्र न्यायला आला. उकिडवा बसला. "काय लिहलं बाबू? वाच ना."

मी वाचलं. कौतुकाचं सगळं वाचलं. त्या वाक्याशी आलो आणि माझे डोळे त्याच्यावरून घसरून शेवटच्या ओळीवर गेले. "आपला विश्वासू," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उजळला. "मस्त लिहलं. मले वाटलं होतं का तुम्ही सारे..." मी पाकीट चिकटवलं. घामानं भिजू नये म्हणून त्यानं ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, सदऱ्याच्या आत ठेवलं आणि वर्ध्याची एसटी धरली. ते पत्र पोस्टानंही जाऊ शकलं असतं. पण त्याला ते स्वतःच्या हातानं द्यायचं होतं.

संध्याकाळी तो परत आला. चौकात आम्ही बसलो होतो. "नाई झालं," एवढंच म्हणाला. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं दुसऱ्यांदा सांगितलं नसतं. मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहून घेतलं आणि ठरवून टाकलं, की त्याला काही कळलेलं नाही. त्या हंगामानंतर तो खेळला नाही. सासुरवाडीला हिंगणीला गेला आणि वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर लागला.

मला नोकरी लागली ती आर्वीला, एका पतसंस्थेत. खिडकीतून बाजार समितीचं आवार दिसायचं. सोयाबीनच्या हंगामात हमाल पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे, दिवसभर. आलेलं नवं पोरगं तुरीच्या काडीसारखं असायचं आणि पुढच्या हंगामात त्याचे खांदे सदऱ्यात मावत नसत. सगळ्यांचे नाही व्हायचे. ज्याला पोटभर मिळायचं त्याचे व्हायचे. पहिल्यांदा ते ध्यानात आलं तेव्हा मी लेजर बंद करून बसलो. आजही गावात कोणी विचारतं, "खरंच घेत नव्हता का गा तो?" पुरावा तेव्हा माझ्याकडं नव्हता, आजही नाही. पण त्या पत्रात एवढं लिहायला पुरावा लागत नव्हता, की हा माणूस नाही म्हणतो आणि हा माणूस खोटं बोलताना आम्ही कधी पाहिलेला नाही.

पुढं मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेला घर बांधलं. गावच्या मंडळानं जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचं ठरवलं आणि निमंत्रणाचं पत्र अर्थातच मी लिहिलं. गजूभाऊचं पत्र पोस्टात टाकवेना. घेऊन हिंगणीला गेलो. दहा वर्षं होऊन गेली होती मध्ये. रोपवाटिकेत तो पिशव्यांत माती भरत होता. केस पांढरे, खांदे उतरलेले. मला पाहून हात धुतले, सागाखाली बाज टाकली. "बस बाबू. जाडा झाला ना बे तू."

चहा आला. मी कप खाली ठेवला. "गजूभाऊ, ते पत्र... मी तेव्हा पूर्ण वाचून दाखवलं नव्हतं."

"मालूम हाये," तो म्हणाला.

मी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"वर्ध्याच्या हापिसातल्या बाबूनं त्याच दिवशी वाचलं. मोठ्यानं. सारे पोट्टे उभे होते. संशयास्पद का काय. मी त्याले म्हटलं, थे वाक्य पुन्हा वाचजो. त्यानं वाचलं."

"मग गावात बोलला काऊन नाई? माझ्या तोंडावर मारायचं होतं."

त्यानं बिडी पेटवली नाही, नुसती बोटात फिरवली. "बोललो असतो तं लोकायनं तुह्याकडं कागद आणले असते का? तवा गावात असे कागद वाचणारा तू एकटाच होता. म्हाताऱ्या सावित्राबाईच्या पेन्शनचे कागद तुह्यापाशीच होते ना त्या टायमाले? मंग तिनं कोणाकडं जावं?"

मी मान खाली घातली. माफ कर म्हणालो की नुसते ओठ हलले, मला आठवत नाही. तो "जाऊ दे" म्हणाला नाही. "असू दे"ही म्हणाला नाही. बाजेची सैल झालेली दोरी ओढत बसला.

मग मी खिशातून पत्र काढलं. "मंडळानं सत्काराला बोलावलंय. थांब, वाचून दाखवतो."

"आण इकडं."

"अरे, वाचतो ना मी."

"मी वाचतो. साक्षरतेच्या वर्गात जात होतो दोन वर्षं. वर्ध्याहून आलो त्याच वर्षी नाव टाकलं."

त्यानं कागद मांडीवर सरळ केला. बोट अक्षरांखाली ठेवलं आणि वाचू लागला, एकेक अक्षर जोडत, ओठातल्या ओठात. मंडळाचं नाव वाचलं. सप्रेम नमस्कार वाचला. मजकुरात एक 'तथापि' होता, मला तोवर आठवलाही नव्हता. तिथं त्याचं बोट थांबलं. त्यानं मागची ओळ पुन्हा वाचली, पुढची वाचली आणि मग पुढं गेला. खालची सही वाचली. शिक्क्यातली गोल फिरणारी अक्षरं कागद वळवून वळवून वाचली. मी लहान मुलासारखा समोर बसून होतो.

"एवढंच हाये?" त्यानं विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.

त्यानं कागद उलटा केला आणि मागची कोरी बाजू पाहिली.