आत्याचा फ्लॅश आणि अंतरपाट

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात एके काळी माझ्या आत्याच्या परवानगीशिवाय कुणाचंच लग्न लागत नसे. मुहूर्त भटजी काढत, पण अक्षता पडत त्या आत्याचा फ्लॅश भरल्यावर. महाडच्या बाजारपेठेत तिचा फोटो स्टुडिओ होता आणि तिथली शिस्त पोलीस ठाण्याची होती. "नवरदेव, हनुवटी वर! लग्न आहे, परीक्षेचा निकाल नाही," असं ती भर मांडवात ओरडे. विहीणबाईंचा रुसवासुद्धा ती "जरा थांबा, डोळ्यांतलं पाणी छान येतंय" म्हणून लांबवी. कुणी रागावत नसे, कारण तिचे फोटो बघत राहावेत असे येत. निदान तिनं डिजिटल कॅमेरा घेईपर्यंत तरी.

त्या कॅमेऱ्याबरोबर आलेला नवा फ्लॅश उजेड किती टाकायचा हे स्वतःच ठरवी. आत्याच्या घरात स्वतःचं स्वतः ठरवणारा तो पहिलाच, त्यामुळे दोघांचं जमेना. एका फोटोत वरमाई चुन्यात बुडवून काढलेली, तर पुढच्यात नवरी अंधारात हरवलेली. आत्यानं सेल बदलले, फ्लॅशच्या बुडाचे पितळी ठिपके खोडरबरानं घासले, शेवटी त्याची दृष्टही काढली. बिरवाडीच्या लग्नात तर अंतरपाटाचा मुख्य फोटोच काळा आला. स्क्रीनवर तो बघताच आत्या म्हणाली, "भटजी, परत धरा तो अंतरपाट." भटजींनी हात जोडले. "बाई, लग्न लागलं हो!"

ही बातमी वर डोंगरात कुडपणला पोचली. तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आत्याकडे होते. त्याचा मुंबईत नोकरीला असलेला मुलगा बापाबरोबर स्टुडिओत आला आणि तिच्यासमोरच म्हणाला, "पप्पा, रिस्क नको. मी मुंबईचा फोटोग्राफर आणतो ना." बाप हलला नाही. "माज्या लग्नाचे फोटो ताईंनीच काढलेत. पोरीचेपन त्याच काढतील. दुसरा मानूस नाय." ते गेल्यावर आत्यानं फ्लॅश काढून टेबलावर समोर ठेवला. "या लग्नातला अंतरपाटाचा फोटो बिघडला तर मी स्टुडिओ बंद करणार," ती म्हणाली. बोललेलं ती मोडत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं घरातच लग्न लावलं. नवरदेव आमचे काका, म्हणजे तिचेच यजमान. नवरी म्हणून स्टुलावर गॅसचा सिलिंडर, त्याला आत्याचा शालू. अंतरपाट म्हणून पांढरी चादर धरायला मी. मंगलाष्टकं आत्या स्वतः म्हणत होती.

"या वयात दुसरं लग्न!" काका कुरकुरले.

"गप्प उभे राहा. ती बघा कशी उभी आहे."

चादर धरली की काका काळे, चादर काढली की उजळ, आणि काळा कोट घालून उभे केले तर भुतासारखे पांढरे. बरीच लग्नं लागल्यावर आत्या एकदम खाली बसली. "अहो, हा फ्लॅश घाबरट आहे! समोर पांढरं दिसलं की उजेड फार झाला असं वाटून हात आखडतो. काळं दिसलं की ओततो." मग तिनं फ्लॅशचं ऑटोमॅटिक बंद केलं आणि किती उजेड, किती अंतरावरून, हे सगळं आपल्या हातात घेतलं. घरात पहिल्यापासून तीच पद्धत होती.

कुडपणला आम्ही तिघंही गेलो, तर मांडवभर पांढऱ्या टोप्या आणि मधोमध पांढराशुभ्र अंतरपाट. शेतकऱ्याचा मुलगा आत्याच्या खांद्यावरून स्क्रीनकडे डोळे लावून उभा. शेवटचं 'सावधान' झालं आणि फ्लॅश उडाला. फोटो लख्ख आला होता. मुलगा बापाला हाताला धरून घेऊन आला. फोटोत नवरी नवऱ्याच्या बाजूला बघतच नव्हती. मान किंचित वळवून ती बाजूला उभ्या असलेल्या बापाकडे बघत होती, आणि बापाचं सगळं लक्ष हातातल्या अक्षतांत.

"माज्याकडं बगत व्हती?" त्यानं विचारलं.

"हो, तुमच्याकडेच," आत्या म्हणाली. तिचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

आज आत्या नाही, तिचा स्टुडिओही नाही. पण त्या संध्याकाळी जीपमधून पोलादपूरकडे उतरताना कॅमेरा मांडीवर धरून झोपलेली ती मला अजून दिसते. अभिमानानं मला राहवेना. शेजारी बसलेल्या काकांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी ड्रायव्हरलाच म्हटलं, "माझी आत्या आहे."

"म्हाईत हाय," तो म्हणाला, आणि पुढच्या खड्ड्यातून त्यानं जीप अगदी हळू काढली.