आंबोलीत भरलेल्या बादल्या

आंबोलीत पावसाळ्यात घराच्या भिंतीसुद्धा पाणी पितात. तिथं मी सोलापुरातून पाण्याचे तीन कॅन घेऊन गेले होते. भरलेले नाही, रिकामे.

यावर हसायचं असेल तर आधी आमच्याकडं येऊन राहा. आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि ते येतं तेव्हा घरातली माणसं माणसांत राहत नाहीत. बादल्या, कळशा, पातेली, डबे, सगळं भरायचं. एकदा मी पाहुण्यांचा थर्मास भरून ठेवला होता, त्यात त्यांचा चहा होता हे नंतर कळलं. वाहतं पाणी आणि रिकामं भांडं एका ठिकाणी दिसलं की माझे हात आपोआप चालायला लागतात, डोक्याला विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. आमचे हे म्हणतात, "हिला समुद्रावर नेलं तर ही बादली मागंल." (मी गणपतीपुळ्याला मागितली होती, पण ती पाय धुवायला. उगाच बदनामी नको.)

ह्यांचं नव्या पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान. मागच्या वर्षी दुकान पुतण्यानं हातात घेतलं आणि हे घरात बसले. नुसते बसले. पुढं ठेवलेला चहा गार व्हायचा तरी उचलायचे नाहीत. माणूस असा गप्प झाला की घर खायला उठतं. मी मनातून फार घाबरले होते. मग लेकानं पुण्याहून एक कॅमेरा पाठवला, आणि हे दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गच्चीवर कावळे टिपायला गेले. कावळ्यांनंतर चिमण्या, चिमण्यांनंतर शेजारची शेळी. शेळीचे तर इतके फोटो निघाले की ती कॅमेरा दिसला की मान वळवून उभी राहायची.

मग कुणीतरी ह्यांना आंबोलीच्या ढगातल्या जंगलाबद्दल सांगितलं. तिथं म्हणे एक हिरवा बेडूक असतो, बोटांमध्ये केशरी कातडं असतं, ते पसरून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. झालं! ह्यांनी नव्या पेठेतल्या प्रत्येक दुकानात जाऊन जाहीर केलं, "उडता बेडूक आणतो. उडतानाचा. नाही आणला तर कॅमेरा विकून टाकतो."

"असं कशाला बोललात?" मी विचारलं.

"बोललो आता," हे म्हणाले. त्यांचा चेहराच सांगत होता की ते खरंच विकतील. आणि विकला की पुन्हा तो गार चहा. त्यामुळं बेडूक मिळणं ही ह्यांच्यापेक्षा माझीच गरज झाली.

आमच्याबरोबर ह्यांच्या थोरल्या बहीण निघाल्या, आक्का. त्या सांगोल्याकडच्या, घरची मेंढरं, जन्म सगळा कोरड्या माळावर गेलेला. त्यांना बेडकात काही गोडी नव्हती. "आमच्या गावावरनं ढग नुसते जात्यात, थांबत न्हाईत," त्या म्हणाल्या. "कुटं थांबत्यात ते तरी एकदा बगू की."

ते ढग आंबोलीत थांबत होते. इतके थांबत होते की गाडीतून उतरल्यावर आक्का फाटकापासून ओसरीपर्यंत चालत गेल्या आणि मध्येच दिसेनाशा झाल्या. आम्ही हाका मारल्या तर घराच्या मागच्या बाजूनं आवाज आला, "हाय हितंच. पर हितं म्हंजी कुटं ते कळंना." आम्ही ज्याच्या घरी उतरलो होतो त्या बाबलनं त्यांना हाताला धरून आणलं. जंगल दाखवणाराही तोच आणि जेवण वाढणाराही तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जंगलात गेलो. झाडांच्या बुंध्यांना, फांद्यांना, दगडांना हिरवी मखमल चढलेली, वरून पाणी ठिबकतंय, आणि दहा पावलांपलीकडं जग संपलेलं. बाबल एका झाडापाशी थांबला आणि कुजबुजला, "बेडूक काल हयच होतो."

हे कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहिले. काही नाही.

पुढच्या झाडापाशी बाबल पुन्हा म्हणाला, "ह्या फांदीर काल संध्याकाळी मोठो होतो."

तिसऱ्या झाडापाशी तो काही बोलायच्या आत आक्का म्हणाल्या, "काल हुता व्हय? मग आमी कालच याला पायजे हुतं की."

एवढ्यात ह्यांनी पाय झटकला. पोटरीवर जळवा. एक नाही, ओळीनं. मी हातच लावू शकले नाही. "मीठ लावा," बाबल म्हणाला. मीठ कुणाकडंच नव्हतं. आक्कांनी शांतपणे कमरेची पिशवी सोडली आणि सोलापूरची शेंगाचटणी मूठभर काढून ह्यांच्या पोटरीवर थापली. (आक्का कुठंही चटणीशिवाय जात नाहीत.) जळवा पटापटा गळून पडल्या. आणि मग जिथं त्या चावल्या होत्या तिथं तिखट भिडलं. हे जे ओरडले त्यानं त्या जंगलात बेडूक असलाच तर तो गोव्यात पोचला असणार.

संध्याकाळी कॅमेरा उघडून बघितला. पांढरा फोटो, पांढरा फोटो, आक्का, पांढरा फोटो. ह्यांनी कॅमेरा पिशवीत घातला. जेवणाआधी चहाचा कप पुढं आला, तो तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी हे आणि बाबल पुन्हा जंगलात गेले. आक्का चुलीपाशी ऊब घेत बसल्या आणि मी परसात येऊन उभी राहिले. आणि बघते तर काय, कौलांवरून पाणी. पन्हाळीच्या तोंडातून मनगटाएवढी धार, सरळ जमिनीवर! वाया! माझ्या जिवाला ते सोसेना. मी तीन कॅन आणून लावले. ते बघता बघता भरले. मग न्हाणीघरातल्या बादल्या आणल्या, मग टब, मग बाबलच्या बायकोची पातेली, मग भाताचं मोठं भगुणं. भरलेली भांडी बाजूच्या झाडाखाली ओळीनं मांडत गेले. कितीतरी महिन्यांनी इतकं समाधान वाटलं.

बाबलची बायको दारात येऊन बघत राहिली. "वैनी, ह्यां कित्याक?"

"असू दे. उद्या नळ नाही आला तर?"

"हय नळच नाय," ती म्हणाली. "मागे झरो आसा. बारमाही."

"झरा आटला तर?"

ती आत गेली आणि तिनं नवऱ्यासाठी भात दुसऱ्या भांड्यात लावला.

चौथ्या दिवशी सकाळी मी माझी भांडी बघायला गेले. (घरी असते तरी सकाळी पहिलं काम तेच.) तर सगळ्यात मोठ्या बादलीवर जी फांदी आली होती तिच्या पानांना पांढरा फेस लागलेला. चांगला मूठभर, साबणाचा असतो तसा. माझं डोकंच फिरलं. मी एवढं पाणी जपून ठेवलं, आणि कुणीतरी त्यावर येऊन कपडे धुतले!

"आक्का, इथं साबण लावलात का तुम्ही?"

"म्या? हितं कापडं वाळत्यात व्हय? आल्यापासनं एकच लुगडं घालून बसलीया मी."

मग हे असणार. पुरुषांना पाण्याची किंमत नसते. मी पुटपुटत एक तांब्या भरला, काथ्याचा चोथा घेतला, फांदी खाली ओढली आणि घासायला हात उचलला.

"थांबा!" ओसरीवरून बाबल ओरडला. "वैनी, हात लावू नकात! तां घरटा आसा!"

माझा हात हवेतच राहिला. हे चहा टाकून अनवाणी धावत आले. बाबलनं हात जोडून मला बाजूला केलं आणि सगळं सांगितलं. तो फेस त्या उडत्या बेडकाच्या मादीनं केलेला होता. ती साचलेल्या पाण्यावर आलेली फांदी शोधते, तिथं फेसात अंडी घालते, आणि पिल्लं झाली की ती टपाटप खालच्या पाण्यात पडतात. आम्ही दोन दिवस जंगल तुडवत होतो, आणि बाई रात्री येऊन माझ्या बादलीवर बाळंत झाली होती. आणि मी तिची पोरं काथ्यानं घासणार होते!

मी काथ्याचा चोथा लांब फेकून दिला. हे मात्र फांदीकडं बघत होते. "म्हणजे ते इथंच आहेत," ते अगदी हळू म्हणाले. त्या आवाजात मागच्या कित्येक दिवसांत न ऐकलेली धार होती. "आज संध्याकाळी पुन्हा येतील?"

"येतीत," बाबल म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं 'काल' म्हटलं नाही.

त्यानंतर त्या घराचा कारभार बेडकांच्या हाती गेला. भांड्यांना हात लावायचा नाही. परसात जोरात बोलायचं नाही. आंघोळीला पाणी मागायचं नाही, कारण सगळ्या बादल्या अडकलेल्या. आक्का म्हणाल्या, "म्हंजी सोलापुरातून हितं येऊनबी पानी भरून ठिवायचं आन् वापरायचं न्हाय." बाबलच्या बायकोनं भगुणं परत मागितलं तर ह्यांनी तिच्यापुढं हात जोडले.

दिवेलागणीला हे कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर ठेवून, त्यावर छत्री बांधून बसले. बाबलनं बॅटरीवर लाल कागद लावून ती फांदीवर धरली. मी आणि आक्का मागं, पोत्यावर. "हलायचं नाही," ह्यांनी बजावलं. "सुनंदा, तू तर अजिबात नाही."

"मी कशाला हलू?"

पाऊस सुरू होता. थोड्या वेळानं वरच्या पानांत काहीतरी सरकलं. हिरवं, माझ्या तळहाताएवढं, डोळे मोठे. ह्यांचा श्वास थांबल्याचं मला मागून कळलं. माझाही थांबला. खरं सांगते, त्या क्षणी मी देवाला म्हणाले, एक फोटो येऊ दे, पुढच्या वेळी तू सांगशील तिथं उपास करते.

आणि पाऊस वाढला. पन्हाळीची धार जाड झाली, आणि शेवटची बादली, जी मी दिवेलागणीआधी ह्यांच्या नकळत रिकामी धारेखाली सरकवली होती, ती भरली. काठोकाठ भरली. आणि वाहायला लागली.

मी डोळे मिटून घेतले. पण आवाज कानांत येतच होता. बाजूला, हाताच्या अंतरावर, एक पातेलं रिकामं. अगदी रिकामं! मी स्वतःला सांगितलं, सुनंदा, बस. इथं झरा आहे. बारमाही. पण हात कधीच उठले होते. मी वाकून, आवाज न करता, दोन पावलं पुढं गेले आणि पातेलं बादलीच्या काठाला लावलं.

"वैनी," बाबलचा आवाज आला.

"अगं काय करालीस?" हे ओरडले.

मी वर बघितलं, आणि माझ्या कपाळावर थंड, ओलं, जिवंत काहीतरी चप्पकन बसलं. तेवढ्यात कॅमेऱ्याचा उजेड पडला. मी जी किंकाळी फोडली ती वरच्या घाटातल्या वळणावर ऐकू गेली म्हणतात. पाय टबात गेला, टब कलंडला, आक्का पोत्यावरून पडल्या आणि पडल्या जागीच हसत सुटल्या. बेडूक माझ्या डोक्यावरून उडी मारून ढगात निघून गेला. घरट्याखालची बादली मात्र हलली नाही, कारण पडता पडता दुसऱ्या हातानं मी तिला धरून ठेवलं होतं. पाणी सांडू देणाऱ्यांतली मी नव्हेच.

हे कॅमेऱ्यात डोकं खुपसून बसले. मी चिखलात बसून रडकुंडीला आले होते. माझ्यामुळं गेला फोटो, गेला कॅमेरा, आणि आता घरी जाऊन तोच गप्प माणूस.

"सुनंदा," हे म्हणाले. "आलाय. पाय चारही पसरलेत. बोटांमधलं कातडंसुद्धा दिसतंय बघ."

फोटोत बेडूक खरोखर देखणा आलाय. चारी पाय पसरलेले, केशरी कातडं ताणलेलं, डोळ्यांत चमक. फक्त त्याच्या खाली माझं कपाळ आहे, त्याखाली माझे बटाट्याएवढे डोळे, त्याखाली सताड उघडं तोंड, आणि सगळ्यात खाली, पातेलं. ह्यांनी तो भल्यामोठ्या आकाराचा करून दुकानात गल्ल्याच्या मागं लावला. मी पुष्कळ भांडले. पण आता हे रोज दुकानात जातात, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सगळी हकीकत सांगतात आणि सांगता सांगता गरम चहा पितात, म्हणून मी भांडण सोडून दिलं.

मागच्या आठवड्यात मी दुकानात बसले होते. जेऊरकडचे एक म्हातारबाबा टॉवेल घ्यायला आले. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं. असा बेडूक जगात दुसरीकडं कुठं नाही, फार दुर्मीळ, बघायला नशीब लागतं. बाबा चष्मा वर करून फोटोकडं पुष्कळ वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय मालक, पर ह्यातला दुर्मीळ कंचा म्हनायचा?"

ह्यांनी आधी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बाबांसाठीही गरम चहा सांगितला.