फाटकाबाहेरचा पाव्हणा

दाजी मला शेवटचे भेटले ते माझ्या दुकानात. हिंगोलीच्या बाजारात माझं चपलांचं दुकान आहे, आणि दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान बाबाराव. आखाडा बाळापूरच्या अलीकडे त्यांचं शेत आणि शेताला लागूनच त्यांचं वराहपालन. हा शब्द कागदावरचा. दाजी सरळ ‘माझी डुकरं’ म्हणायचे. त्या दिवशी आले, स्टुलावर बसले, हक्कानं चहा मागवायला लावला आणि म्हणाले, “बाईमाणसाची रबरी चप्पल दाखव. गुलाबीच पायजे. नंबर नऊ.”

“दाजी, बायकांच्यात नऊ नंबर कुठून आणू? अक्काचा पाय तर पाचाचा.”

“तुज्या अक्कासाठी न्हाई. हाय एक बाई.”

या वयात हे काय नवीन, म्हणून मी त्यांची यथेच्छ थट्टा केली. माळ्यावर कोण्या व्यापाऱ्यानं चुकून पाठवलेला एक जोड बरीच वर्षं पडून होता, भडक गुलाबी, वर प्लास्टिकचं फूल. तो खाली काढला. माझा पाय नऊ नंबरचा, तेव्हा दाजींनी मलाच तो घालून चालायला लावलं. गिऱ्हाइकांसमोर मी फुलाची चप्पल घालून दुकानात फेऱ्या मारल्या आणि दाजी मांडीवर थापा मारत हसत राहिले. “बराबर बसली,” म्हणाले आणि जोड पिशवीत घालून निघून गेले. त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला, “मामा, बाबा गेले...” दुपारी जेवून ते बाजेवर आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत.

आता दीड महिना होत आला. सुरुवातीचे दिवस रडण्यात गेले. आता आठवण आली की आधी हसू येतं आणि पाठोपाठ सुटल्यासारखं वाटतं. हे कुणाला विचित्र वाटेल. पण हाच माणूस काही वर्षांपूर्वी गेला असता तर हरून गेला असता. तसा तो गेला नाही, याचं मला फार बरं वाटतं.

दाजींचं घर मूळचं मेंढरांचं. चराईची रानं आटत गेली तेव्हा त्यांनी कुठल्याशा शिबिरात पांढरी, मोठाली डुकरं पाहिली आणि मेंढरं मोडून ती आणली. नातेवाइकांनी नाकाला रुमाल लावले. काही जण तर घरी येत, ओसरीवर टेकत, पण पाण्याच्या तांब्याला हात लावत नसत. अक्का आत जाऊन रडायची. दाजी म्हणायचे, “रडतीस काहून? त्यायला तान लागली नसंल.” हायवेवरच्या ढाब्यांवरचं आणि लग्नांच्या पंगतीतलं खरकटं ते रोज ड्रमात भरून आणत आणि डुकरांना घालत. डुकरं वाढली. दाजी फुशारकीनं सांगत, “गावातलं काई वाया जाऊ देत न्हाई मी.” त्यात काही धोका आहे हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

एका उन्हाळ्यात त्यांची एक मादी खाईना. अंगात ताप, कान आणि पोटाखालची कातडी लालजांभळी पडलेली. ती मेली, मग तिच्याजवळची दोन मेली. बातमी कशी फुटते कोण जाणे, पण एक व्यापारी टेम्पो घेऊन दारात हजर. म्हणाला, बोंब व्हायच्या आत धडधाकट आहेत ती देऊन टाका, कुणाला पत्ता लागणार नाही. अक्कासुद्धा म्हणाली, देऊन टाका. घरात दुसरी मिळकत ती काय होती? मी तिथंच होतो. दाजींनी टेम्पोच्या चाकांकडं बघितलं. मग म्हणाले, “ह्यो टेम्पो हितून निघून आजून किती गावं फिरंल? तिथंबी माज्यासारखाच कोणी आसंल ना?” टेम्पो रिकामा परत गेला आणि दाजींनी स्वतःहून जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

रक्ताचे नमुने गेले, उत्तर आलं. आफ्रिकन स्वाइन फीव्हर. डॉक्टरीणबाईंनी ओसरीवर बसून, अक्कानं दिलेलं पाणी पिऊन, स्पष्ट सांगितलं, “काका, याला औषध नाही. आपल्याकडं लसही नाही.”

“मंग हाय काय?”

“खड्डा आणि चुना. आणि पुढं कधी परत पाळायची झाली तर एक मजबूत फाटक.”

आजारी, धडधाकट, सगळी डुकरं मारून खोल पुरायची होती. बाहेरून माणसं आली, अंगभर पांढरे झगे घातलेली. डुकरं त्यांना बिचकून कोपऱ्यात दाटली. तेव्हा दाजी पुढं झाले. “माज्या हातचं खाऊन राहिलेत ते. माज्यामागंच येतील,” म्हणाले, आणि एकेकाला खाजवत, नावानं हाक मारत त्यांनीच ती नेऊन दिली. मी रस्त्यावरून बघत होतो. मला ते बघवेना, आणि तिथून निघवेनाही. संध्याकाळी खड्ड्यावर चुना पसरून झाला तेव्हा दाजी शेजारच्या हळदीच्या बांधावर बसले आणि तोंडावर उपरणं ओढून घेतलं. मेंढरं विकली तेव्हाही हा माणूस रडला नव्हता.

गावानं वेगळाच घोळ घातला. नावात स्वाइन ऐकलं आणि लोकांनी तो माणसांचा स्वाइन फ्लूच धरला. अक्काकडं कुणी येईना. माझ्या दुकानातसुद्धा लोक तोंडाला रुमाल बांधून चप्पल बघू लागले, का तर मी बाबारावांचा मेहुणा! शेवटी दाजी पारावर जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “माणसाला होत न्हाई हा. माणूस नुस्ता घेऊन फिरतो. पायाला, कपड्याला, डब्यात.” लोकांना ते पटलं की नाही सांगता येत नाही, पण दाजींना स्वतःला ते पक्कं पटलं होतं. रोग कुठून आला ते कळलं नाही, बहुधा खरकट्यातून आला असावा असं डॉक्टरीणबाईंचं मत होतं. दाजींनी ड्रम फोडून टाकले. गोठे खरवडून धुतले, औषध मारलं, चुना लावला आणि सांगितलं तितके महिने रिकामे ठेवले. आधी जिथं नुसती काट्यांची झाप होती तिथं लोखंडी फाटक आलं. फाटकात औषधाच्या पाण्याचा हौद, आणि आतल्या बाजूला चपलांची रांग. बाहेरची चप्पल बाहेर, आतली आत.

एवढं झाल्यावर एकदा मी मोठ्या मनानं धीर द्यायला गेलो, तर दाजींनी मला फाटकातच अडवलं.

“घरी बस, जेव, झोप. पर फाटकाच्या आत यायचं न्हाई.”

“काहून? चप्पल काढतो ना.”

“तुज्या दुकानात जिल्ह्याचे पाय येऊन राहिले. नरसीचे, सिद्धेश्वरचे. बाकी कोणी चालंल, तू न्हाई पाव्हणं.”

मी जाम चिडलो. ज्या लोकांनी या माणसाच्या घरचं पाणी नाकारलं, त्यांना ते आता पाय धुवायला लावत होते याची मला गंमत वाटायची, पण त्यात मीही? सख्खा मेहुणा? मी स्कूटरवर बसून फाटकाच्या गजांतून बोलत असे आणि दाजी आतून मजेत उत्तरं देत. ते पुढं कायमचंच झालं.

मग ती दोन पिल्लं आली. एकदम कळप आणायचा नसतो. आधी दोन-चार पिल्लं सोडायची, जमीन साफ झाली का ते बघायला. ती जगली तर पुढं, नाहीतर सगळं संपलं. दाजींनी त्यांचं नाव ठेवलं ‘पाव्हणे’. रोज सकाळी मला फोन, “पाव्हणे जेवले.” एवढंच बोलून ठेवून द्यायचे. मी म्हणायचो, खरा पाव्हणा बाहेर उन्हात आणि डुकरं सावलीत! पण खरं सांगतो, तो फोन यायला उशीर झाला की माझं दुकानात लक्ष लागत नसे. एके सकाळी फोन आला, “एक आडवं पडून राहिलं. खाईना.” अक्कानं देव पाण्यात ठेवले. डॉक्टरीणबाई आल्या, रक्त घेऊन गेल्या. पिल्लू दोन दिवसांत उठून खायला लागलं, तरी उत्तर येईपर्यंत दाजी गोठ्यापासून हलले नाहीत. आणि मग तो फोन...

“गेला रे... गेला!”

माझ्या हातातला जोड खाली पडला. “कोण गेला दाजी? पाव्हणा?”

“आरं, रोग गेला! रान साफ हाय म्हन्ले डॉक्टरीणबाई!”

मी भर दुकानात रडलो. गिऱ्हाईक समजलं, कुणीतरी वारलं. मी त्याला पेढे दिले.

पुढं गोठे भरले, पिल्लावळ झाली. कुणी नवीन माणूस डुकरं पाळतो असं कळलं की दाजी उठून जात आणि त्याला फाटकापासून शिकवत. आणि मी फाटकाबाहेर ते बाहेरच.

तेरवीला सगळे आले. पाणी न पिणारेही आले, आणि पोटभर जेवले. अन्न बरंच उरलं. दाजींचे एक चुलतभाऊ दोन बादल्या भरून प्रेमानं निघाले, “दादाच्या डुकरायला घालू. त्यायच्या आत्म्याला बरं वाटंल.” सकाळपासून कोपऱ्यात बसलेली अक्का ताडकन उठली आणि फाटकासमोर हात पसरून उभी राहिली. “एक घास बी आत जाणार न्हाई. खड्डा खांदा आन् पुरा.” तेरवीचं गोडधोड खड्ड्यात गेलं आणि त्यावर चुना पडला. मला वाटलं, दाजी आता निवांत झाले असतील.

मी सवयीनं फाटकाबाहेरच उभा होतो. अक्का म्हणाली, “तू काहून भाईर? ये.”

“माझे पाय...”

तिनं आतल्या रांगेकडं बोट दाखवलं. कडेला, औषधाच्या पाण्यातून काढून वाळवलेला, भडक गुलाबी जोड. वर प्लास्टिकचं फूल.

“तुजीच हाय,” अक्का म्हणाली. “म्हन्ले, रान साफ होऊन लई दिवस झाले, आता पाव्हण्याला आत घेऊ. मी म्हन्लं, गुलाबी काहून आणली? तर म्हन्ले, दुसरं कोणी पायात घालणार न्हाई, आन् त्यो ती घालून भाईर जाणार न्हाई.”

मी बूट बाहेर काढले, हौदात पाय बुडवले आणि चप्पल घातली. फाटक ओलांडलं. गोठ्यातून डुकरांनी माना वर करून माझ्याकडं पाहिलं.

बराबर बसली.